सड्यावरून आलेली एक हाक

गेल्या वैशाखात पालीला एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, माझं एका शहाण्याशी वाजलं. नवऱ्यामुलाच्या मामाचा कोणी मित्र, पुण्याहून आलेला, गोड बोलणारा माणूस. जिलबी मोडता मोडता त्याने विषय काढला, की लॉकडाऊन लावलं ते बरोबर की चूक. एका बाजूला वाचलेले जीव, दुसऱ्या बाजूला बसलेले धंदे, सुटलेल्या नोकऱ्या, घरी बसलेली पोरं. दोन्ही तळवे पारड्यांसारखे धरून तो एकदा हा खाली करायचा, एकदा तो. मी म्हटलं, "अहो, एवढं सोपं असतं तर किराणा दुकानदारानेच निकाल दिला असता." तो हसला. म्हणाला, "मॅडम, भावना बाजूला ठेवून बघा." मी म्हटलं, "भावना बाजूला ठेवल्यावर पारड्यात घालायला उरतं काय, डाळ?"

आमचे हे पलीकडून डोळे वटारत होते. माझी जीभ तिखट आहे हे साऱ्या पालीला ठाऊक आहे, उभा जन्म प्राथमिक शाळेत पोरांवर ओरडण्यात गेला. पण त्या माणसाकडेही उत्तरं होती. तयार होती, एकामागून एक. आणि खरं सांगायचं तर त्यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं, याचाच मला जास्त राग आला.

शेजारी सासूबाई बसल्या होत्या. वरणभातावर त्यांचा हात थांबला होता. त्या माणसाकडे बघतसुद्धा नव्हत्या, त्याच्या त्या दोन तळव्यांकडे बघत होत्या. मग मला हलकेच म्हणाल्या, "चल बाय, घरी जाऊ या." मठ्ठा यायचा होता, पण आम्ही उठलो. त्या संध्याकाळी घरी जे झालं ते शेवटी सांगते. त्याआधी तो उन्हाळा सांगायला हवा.

आमचं घर पालीपासून आत. वाडी डोंगराच्या पोटाशी, घरामागे चढ, आणि चढ संपला की सडा. सडा म्हणजे नुसता कातळ, नजर पोचेल तिथवर सपाट आणि उघडा. त्याच्या काठाला आमची आंब्याकाजूची बाग, बागेला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडावर दगड ठेवून रचलेलं कुंपण, आणि आत राखणीसाठी बांधलेली एक खोपी. खोपीपासून खाली बघितलं की आमचं खळं तळहातासारखं दिसतं. अंगणाला आमच्याकडे खळं म्हणतात.

घरात आम्ही तिघं. मी, हे आणि सासूबाई. ह्यांची किडनी त्याआधी काही वर्षं बदललेली होती, आणि ती दिली होती सासूबाईंनी. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा "काढा" एवढंच म्हणाल्या. घरी आल्यावर महिन्याभरात चुलीपुढे बसून मला म्हणतात, "माझं अर्धं यंत्र त्याच्यात हाय, म्हणून तो बायकोचं ऐकत नाय." अशी बाई. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, की ह्यांना आयुष्यभर जी औषधं घ्यायची आहेत त्यांनी अंगातली ताकद कमी होते, दुसऱ्याला जी सर्दी ती ह्यांना जिवावरचं दुखणं होऊ शकते. तेव्हापासून घरात कोणी शिंकलं तरी सासूबाई त्याला पडवीत झोपायला लावत. मलासुद्धा.

मग लॉकडाऊन आलं. सुरुवातीला आम्हाला त्याची गंमत वाटली, हेही सांगायला हवं. शाळा बंद, सकाळची धावपळ नाही. पण चार दिवसांत गंमत गेली आणि अंगावर यायला लागलं ते वेगळंच. कोल्हापूरच्या रस्त्यावरच्या गाड्यांची घरघर आमच्या कानाला इतकी सवयीची होती, की ती थांबल्यावर कळलं, आपण जन्मभर काहीतरी ऐकत होतो. ती गेली आणि लांबचे आवाज जवळ आले. पलीकडच्या वाडीत कोणी खोकलं तर आमच्या खळ्यात ऐकू यायचं. तिकडे कोणी विहिरीत कळशी सोडली तरी आमच्या स्वयंपाकघरात कळायचं. भर दुपारी मोर खळ्यात येऊन उभे राहायचे आणि दारातून आत बघायचे. हाकलले तरी जायचे नाहीत. मला ते मुळीच आवडत नसे. सासूबाई म्हणायच्या, "त्यांना वाटतं, माणसं गेली."

आंबा झाडावर तयार आणि गाडी नाही. पहिला तोडा पेट्यांत भरून पडवीत रचला तो तिथेच राहिला. पुढे आंब्याच्या गाड्या सोडल्या, पण तोवर त्या पेट्यांतून पाणी गळायला लागलं होतं. घरभर तो वास, पिकून पुढे गेलेला, घशाशी येणारा. आजही मला हापूस फार वेळ नाकाशी धरवत नाही.

एकदा मी शाळेत तांदळाची पोती बघायला गेले. वर्ग उघडला तर फळ्यावर माझ्याच अक्षरातला वार आणि तारीख, शेवटच्या दिवसाची. खाली अर्धी राहिलेली बेरीज. मी ती पुसायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. का, ते मला अजून सांगता यायचं नाही. थोड्याच दिवसांत त्याच फळ्याखाली मुंबईहून आलेली माणसं अंथरुणं टाकून झोपली.

कारण गावाने ठरवलं होतं, की मुंबईकरांनी थेट घरी यायचं नाही, आधी ठरलेले दिवस शाळेत काढायचे. वाडीच्या तोंडाशी रस्त्यावर चिरे रचले. ज्या पोरांच्या पैशावर देवळाचं छप्पर झालं, पाण्याची टाकी झाली, त्यांच्यासाठी गावाने रस्ता बंद केला, असं कोणी म्हटलं तर ते खरं आहे. आणि घरोघरी म्हातारी माणसं होती, दवाखाना लांब होता, तिथेही खाट मिळेल याचा भरवसा नव्हता, असं कोणी म्हटलं तर तेही खरं आहे. माझं त्या चिऱ्यांना अनुमोदन होतं. घरात हे होते. आज पुन्हा विचारलंत तरी असेल.

माझा दीर मुंबईत एका कचेरीच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी होता. ह्यांचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, "मला बायकोच्या हातचं आवडायचं नाही" म्हणायचा. कचेरी बंद, कँटीन बंद, पगार बंद. भाड्याच्या एका खोलीत पाळ्या लावून झोपणारी माणसं, ती सगळी एकदम दिवसभर घरात. कसा राहणार? कांद्याच्या ट्रकमधून आला, पालीच्या अलीकडे उतरला, आडवाटेने थेट सड्यावर गेला आणि तिथून कुकारा घातला. तोंडाशी हात धरून लांबवर 'कूऽऽ' करतात त्याला आमच्याकडे कुकारा म्हणतात. आम्ही खळ्यात धावलो तर वरच्या काठावर हा उभा, पाठीला पिशवी.

"वैनी, शाळेत नाय जात मी. तिथं गर्दी हाय. हितंच ऱ्हातो खोपीत. दादाला जपा."

सासूबाई चढाच्या पायवाटेवर पाऊल टाकायला निघाल्या तर तो वरून ओरडला, "आये, तू येऊ नको. तू आलीस तर मी परत मुंबईला जाईन." तशा त्या थांबल्या. चढाच्या तोंडाशी बराच वेळ उभ्या होत्या.

मग त्याचा एक रिवाज पडला. मी दोन वेळचा डबा गडग्यावर नेऊन ठेवायची आणि कुकारा घालून खाली यायची. तो खोपीतून कुकारा द्यायचा, म्हणजे पोचलं. मी पुरती खाली उतरल्यावर येऊन डबा न्यायचा. जेवण झालं की डबा झऱ्यावर धुऊन गडग्यावर पालथा घालायचा आणि वाऱ्याने पडू नये म्हणून वर एक दगड ठेवायचा. खोपीत वीज नव्हती, म्हणून रिकाम्या डब्याशेजारी मोबाइल ठेवायचा. मी तो चार्ज करून पुढच्या डब्यासोबत परत न्यायची.

बोलणं सगळं ओरडून. "वैनी, आमटीत मीठ विसरलात." "मीठ महाग झालंय." "वैनी, दादाचा निळा शर्ट वाळत घातलात, त्याची बाही फाटली हाय, वरनं दिसतंय." सगळी वाडी ऐकायची आणि हसायची. त्या मुक्या दिवसांत हसायला तेवढंच होतं.

आता एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगावी लागेल, आमच्याकडे ती सांगावी लागत नाही. दिवेलागण झाल्यावर बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. माणूस असेल तर तिसरी हाक मारतोच. जे माणूस नसतं ते तिसऱ्यांदा हाक मारत नाही, आणि त्याला ओ दिली तर आपण त्याचे झालो. मी रत्नागिरी शहरातली, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पोरांना विज्ञान शिकवलं आहे. तरी लग्न होऊन आले आणि मीही तीन हाका मोजायला शिकले. मुद्दाम नव्हे. सगळेच गप्प उभे राहतात तेव्हा आपणही राहतो.

त्या दिवशी संध्याकाळचा डबा मी उजेडीच ठेवला, कुकारा घातला, पण वरून कुकारा आला नाही. झऱ्यावर गेला असेल म्हणून मी उतरून आले. त्याचा मोबाइल आमच्या स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता. सासूबाईंनी तुळशीपुढे दिवा ठेवला. मी दोरीवरचे कपडे काढत होते. हे आत खाटेवर पडून होते.

तेवढ्यात वरून हाक आली. "आयेऽऽ."

एकच. लांबलेली, शेवटी बारीक झालेली. समोरच्या डोंगरावर आपटून परत आली आणि पुन्हा सगळं गप्प. खालच्या घरांतून दारं लागल्याचे आवाज आले, म्हणजे वाडीने ऐकली होती. मी कपडे टाकून पुढे झाले तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"थांब. अजून दोन होऊदेत."

"अहो, भावजी असतील."

"तो असता तर वैनी म्हणून हाकारला असता. डबा तू नेतेस. तिन्हीसांजेला आये म्हणून कोण हाकारतं ते मला ठाऊक हाय."

आम्ही उभ्या राहिलो. तुळशीपुढचा दिवा हलत नव्हता, पान हलत नव्हतं. सासूबाई माझा हात न सोडता चढाच्या तोंडापर्यंत गेल्या, वर बघितलं. सड्याची कड काळी झालेली, तिथे काही दिसत नव्हतं. दुसरी हाक आली नाही. तिसरी आली नाही. मी म्हटलं, बॅटरी द्या, मी बघून येते. त्यांनी मला आत घेतलं आणि दाराला अडसर लावला.

आतून ह्यांनी विचारलं, "कोण गो?"

"कोण नाय. मोर," सासूबाई म्हणाल्या.

सकाळी उजाडता उजाडता मी चहाची किटली घेऊन वर गेले. डबा गडग्यावर होता तसाच होता, भरलेला. त्याच्या पलीकडे गडग्याला पाठ लावून भावजी बसले होते. उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला, टॉवेल लाल. मला बघून हसले तर दातांच्या मुळाशी रक्त होतं.

"लांब ऱ्हावा वैनी. खोकला हाय मला, दोन दिवस झाले. तुम्हाला सांगितलं नाय."

"हाताला काय झालं?"

"फुरसं. डबा घ्यायला हात घातला नि चिऱ्याच्या फटीत होतं."

फुरसं हा आमच्या कातळावरचा साप, वीतभर, मातीच्या रंगाचा. त्याचं विष सावकाश चढतं, म्हणून इकडची माणसं त्याला म्हणावं तसं भीत नाहीत. प्रत्येक वाडीत कोणी ना कोणी फुरसं चावून जगलेला असतो, तोच मग इतरांना सांगतो, की काही होत नाही. भावजींनाही तसंच वाटलं. सकाळपर्यंत निघेल.

मी अंतरबिंतर सगळं विसरून त्यांना खांदा दिला. वाडीत उतरवलं. मुंबईचा माणूस, खोकणारा, कोणी गाडी काढेना. सरकारी गाडी दुसरीकडे गेलेली. शेवटी आंब्याच्या पेट्या नेणारा एक टेंपोवाला तयार झाला, तोही "मागे बसा, पुढे नको" या बोलीवर. सासूबाई खळ्याच्या कडेला उभ्या होत्या. भावजींनी त्यांना लांबूनच हात केला, न चावलेला हात. हे खिडकीतून बघत होते, त्यांना मीच आत कोंडून आले होते.

टेंपोत मागे आम्ही दोघं. रस्ता इतका रिकामा, की दुतर्फा झाडं जणू आमच्याकडेच बघत होती. मी रागाने विचारलं, हो, रागानेच, "एकच हाक मारून गप्प का बसलात? तिसरी ऐकल्याशिवाय आपल्याकडे कोणी बाहेर येत नाही, तुम्हाला काय सांगायला हवं?"

ते हातावरचा टॉवेल आवळत म्हणाले, "एक मारली. तेवढ्यात आये खळ्यात आलेली दिसली, दिव्याजवळ. मग चढाकडे यायला लागली. मनात म्हटलं, आणखी एक हाक मारली तर ही धावत वर येणार. माझा खोकला घेऊन खाली दादाकडे जाणार. तोंडावर हात दाबून बसलो." मग म्हणाले, "तुम्ही सकाळी येणारच होता. आयेला सांगू नका हे."

मी कबूल केलं. दुसरं काय करणार होते?

वाटेत पोलिसांनी अडवलं, पास विचारला, हात बघून सोडलं. दवाखान्यात खोकला म्हणून वेगळ्या खोलीत घेतलं, तिथेच इंजेक्शनं दिली. एका कोवळ्या डॉक्टरणीने, डोक्यापासून पायापर्यंत प्लॅस्टिकमध्ये, मला काचेपलीकडून सांगितलं, की रात्रीच आणायला हवं होतं, आता किडन्या थांबल्यात. तिच्या चष्म्याला आतून वाफ आली होती, म्हणून ती रडतेय हे मला उशिरा कळलं. तिचा काय, कुणाचाच दोष नव्हता. मला त्या दिवशी दोष द्यायला कोणीतरी हवं होतं आणि कोणी मिळेना.

भावजी गेले. रिपोर्ट यायचा होता म्हणून घरी आणू दिलं नाही, त्यांनीच तिकडे सगळं उरकलं. रिपोर्ट मागून आला, तोवर मी घराबाहेर पडवीतच राहिले. करोना नव्हता. साधा खोकला होता.

म्हणजे करोनाने गेलेल्यांत त्यांना कोणी धरलं नाही. लॉकडाऊनने गेलेले असे कोणी वेगळे मोजतच नाही. सापाने गेले, एवढीच नोंद. आमच्या वाडीत त्या वर्षी करोनाने एकही माणूस गेला नाही. गावाला त्याचा अभिमान आहे आणि तो असावाही.

सासूबाईंनी मला सांगितलं, "तेराव्यापर्यंत डबा ठेवत जा गडग्यावर." मी ठेवायची. पिंडाला कावळा लागतो, तसा त्याला माकडं लागतील, काय जातं आपलं, असं मनाशी म्हणत ठेवायची. संध्याकाळी आणायला गेले की डबा रिकामा असायचा. धुतलेला. गडग्यावर पालथा, आणि वर एक दगड.

पहिल्या दिवशी मी तो दगड हाताने उचलला नाही, काठीने ढकलला. हे माकडांचं काम नव्हतं. कोणाला सांगू? ह्यांना सांगितलं तर त्यांचं बीपी चढेल. सासूबाईंना सांगायची छाती नव्हती. रोज दुपारी डबा भरताना मी मीठ बरोबर घालायची, आमटी पातळ नको म्हणून दोनदा बघायची. तेरावं झालं, डबा बंद झाला. मग वाडीतल्या बायका सांगायला लागल्या, की तिन्हीसांजेला सड्यावरून हाक येते. एकच. मी वेड्यात काढायची. आणि एकदा कपडे काढताना मलाच ऐकू आली. मोर असेल. मोरच असेल. तरी मी कपडे तसेच टाकून आत गेले, अडसर लावला आणि अडसर लावताना माझ्या लक्षात आलं, की मी पुढच्या दोन मोजतेय.

वर्षं गेली. रस्त्यावरचे चिरे लोकांनी आपापल्या कामाला नेले. शाळा भरली, माझी निवृत्ती झाली. हे ठणठणीत आहेत, तपासणीला कोल्हापूरला जातात, डॉक्टर पाठ थोपटतात. वाडीतलं कोणी आता त्या उन्हाळ्याबद्दल बोलत नाही, लग्नाच्या पंगतीत पुण्याहून कोणी आला तरच.

त्या लग्नाहून परत आलो. तिन्हीसांज झाली. सासूबाई खळ्यात पाटावर बसल्या होत्या, त्यांचे डोळे आता अंधूक आहेत, कान मात्र पूर्वीसारखे. आत हे टीव्ही बघत होते. मी दिवा लावला आणि त्यांच्याजवळ टेकले. त्या माणसाचे ते वरखाली होणारे तळवे काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हते. मला वाटलं, ही बाई आता किती दिवसांची. आपण एका हाकेला ओ दिली नाही म्हणून पोरगा गेला, हे ओझं घेऊन ही जाणार. त्याने स्वतःहून तोंड दाबलं होतं, एवढं तरी हिला कळू दे. भावजींना दिलेला शब्द मी मोडला. सगळं सांगितलं, टेंपोतलं बोलणं, जसंच्या तसं.

त्या ऐकत होत्या. मध्ये एकदा पदर तोंडाशी नेला. मी संपवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी चढाकडे गेलेली त्यानं बघितलं."

"हो."

"बरं झालं. तेवढं तरी बघितलं."

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाय, पोटच्या पोराचा आवाज ओळखायला आईला तीन हाका लागतात होय?"

मला आधी कळलंच नाही.

"पहिल्याच हाकेला ओळखला मी. दोन दिवस त्याचं तोंड दाबून खोकणं ऐकत होते. तुमच्या कानावर येत नव्हतं, मला येत होतं. वाटलं, तोच रोग हाय. तू बॅटरी मागत होतीस. तू गेली असतीस तर त्याला धरलं असतंस, तुझा सोभाव मला ठाऊक नाय काय? नि मग परत ह्याच घरात आली असतीस. ह्याच्याजवळ." त्यांनी मानेने आत दाखवलं. "म्हणून तुला तीन हाकांचं सांगितलं. म्हटलं, ताप असंल, एक रात्र निघंल, सकाळी बघू. फुरसं असंल असं मनात नाय आलं. माझ्या मनात सगळं आलं, तेवढं नाय आलं."

मला मनगटावरची ती पकड आठवली. आणि तो 'मोर' आठवला. मला भुताची भीती घातली आणि ह्यांना मोर सांगितला, दोघांना दोन, आणि मी इतकी वर्षं त्याचा अर्थ लावला नव्हता.

"नि डबा?" मी विचारलं.

"मीच खायचे. तू दुपारची पडायचीस तेव्हा वर जायचे. तो बसायचा तिथं बसायचे, गडग्याला पाठ लावून. तिथनं आपलं खळं कसं दिसतं ते बघायचे. तुळस दिसते, दार दिसतं. दार लावलेलंसुद्धा दिसतं. डबा धुऊन त्याच्यासारखा पालथा घालायचे. तुझी आमटी त्या दिवसांत चांगली व्हायची."

मी त्यांचा हात धरला. तोच हात, आता नुसती हाडं. त्यांनी चूक केली असं मला म्हणता येईना. आत टीव्हीपुढे हे बसले होते, माझा संसार बसला होता. बरोबर केलं असंही म्हणता येईना. मी रडले, अगदी मोठ्याने रडले, आणि त्या मला गप्प करत राहिल्या, "ऐकंल तो, ऐकंल."

आतून ह्यांनी हाक मारली. "आये, जेवायला चल."

"ओ," त्या म्हणाल्या. "आले रे."

माझ्या खांद्याचा आधार घेऊन त्या उठल्या. उंबऱ्याशी क्षणभर थांबल्या, सड्याच्या बाजूला कान दिला. तिकडे काहीच नव्हतं.

"येकाला किडनी दिली बाय मी," त्या म्हणाल्या. "नि दुसऱ्याला साधी ओ नाय देता आली."